सुटीतही एकत्र : रत्नागिरी जिल्ह्यातील मुचकुंदी नदीच्या खाडीकाठच्या एका गावातील प्रकल्प नोंदी, उन्हाळा २०२५

२६ एप्रिल २०२५

काल वार्षिक परीक्षा संपली. आज सकाळी ग्रामवाचनालयात शिक्षक, वाचनालयाचे कार्यवाह आणि काही पालक यांची बैठक झाली. मेच्या सुटीत सहावी ते दहावीच्या मुलांसाठी काय करता येईल, हा एकच विषय होता. दोन पालकांनी इंग्रजी संभाषणाचा वर्ग सुचवला, एका काकांनी चित्रकलेचे शिबिर सुचवले. दोन्ही सूचना चांगल्या आहेत, पण बाहेरून शिक्षक आणून आठवडाभर चालवलेले शिबिर संपल्यावर उरलेल्या सुटीचे काय, या प्रश्नाला त्यांत उत्तर नव्हते.

सुटीत मुले शिकलेले विसरतात ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ३९ अभ्यासांचा आढावा घेतला होता. उन्हाळी सुटीनंतर मुले सरासरी महिनाभराच्या अभ्यासाइतकी मागे पडतात आणि वाचनापेक्षा गणितात अधिक मागे पडतात, असे त्यात दिसले. तिकडची सुटी आपल्यापेक्षा बरीच लांब असते, त्यामुळे ते आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. आमच्या गावाची अडचण मला निराळी वाटते आणि ती मी बैठकीत मांडली. हे गाव वाड्यांचे आहे. खारवीवाडी बंदराला, मोहल्ला खाडीच्या वळणावर, भंडारवाडी माडांत, कुणबीवाडी सड्याच्या (कातळी पठाराच्या) पायथ्याशी आणि बौद्धवाडी वहाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे. या सगळ्या वाड्यांची मुले एका बाकावर बसतात ती फक्त शाळेत. सहावी ते आठवीची शाळा वर्षातून किमान २२० दिवस भरली पाहिजे, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. उरलेल्या दिवसांत मूल कोणाबरोबर असावे, याचा विचार कोणावरच सोपवलेला नाही. सुटी पडली की मुले आपापल्या वाडीत परततात आणि जूनमध्ये वर्गात पुन्हा ओळख करून घेतल्यासारखी वागतात. पाढे जुलैत भरून काढता येतात. सुटलेली सोबत जमायला मात्र दिवाळी उजाडते, हे मी वर्गशिक्षिका म्हणून दरवर्षी पाहते.

बराच वेळ चर्चा होऊन असे ठरले की शिबिर घ्यायचे नाही. मुलांना गावाच्या गरजेचे एखादे काम द्यायचे, ते जूनपर्यंत चालवायचे आणि कोणत्याही एका वाडीला एकट्याने करता येणार नाही असे ते निवडायचे. कार्यवाहांनी विहिरींचे नाव घेतले आणि त्यावर कोणाचेही दुमत झाले नाही.

१ मे

निकालपत्रके देताना प्रत्येक पालकाला वेळ सांगितली : सकाळी साडेसात ते साडेनऊ. नऊ-साडेनऊला घरोघरी पेजेची वेळ होते. त्यानंतर मुले आंब्याच्या कामाला लागतात आणि ऊनही चढते. हंगामात मुलांच्या हातांची घराला गरज असते. त्या गरजेशी स्पर्धा करणारा कोणताही उपक्रम इथे तीन दिवसांपलीकडे टिकणार नाही.

४ मे

पहिले मोजमाप आज झाले. कठडा असलेल्या सात विहिरी निवडल्या. कठडा नसलेल्या किंवा कडा ढासळलेल्या विहिरी यादीतून काढल्या आणि मोठ्या माणसाशिवाय कोणीही विहिरीपाशी जायचे नाही हा नियम पालकांसमोर वाचून दाखवला.

जोड्या लावण्याचा नियम आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी सुचवला आणि साऱ्या प्रकल्पाचा कणा तोच आहे असे मला वाटते. प्रत्येक विहिरीला दोन मुले, दोन वेगळ्या वाड्यांची, त्यांतले एक त्या विहिरीच्या वाडीतले. म्हणजे एक यजमान आणि एक पाहुणा. पुढच्या रविवारी पाहुणा यजमान होतो आणि जोडी त्याच्या वाडीत जाते.

मोजण्याची पद्धत साधी आहे. काथ्याच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारून टोकाला दगड बांधायचा. दोरी खाली सोडताना दगड पाण्याला लागला की ती हाताला किंचित हलकी लागते आणि तळाला टेकला की पुरती सैल पडते. मग ताणून वर घ्यायची. ओल्या भागाच्या गाठी मोजल्या की पाण्याची खोली कळते, कोरड्या भागावरून कठड्यापासून पाणी किती खाली गेले ते कळते. भंडारवाडीच्या विहिरीवर सातवीतल्या मुलाला दोन वेळा तळ लागल्याचा भास झाला. मोहल्ल्यातली त्याची जोडीदारीण सहावीतली आहे. तिने दोरी हातात घेऊन डोळे मिटले आणि तिसऱ्या खेपेला म्हणाली, "आता टेकला." वहीत तिचाच आकडा लिहिला गेला. तिथे पाणी भरणाऱ्या काकींनी विचारले, "किती गो पाणी?" मुलीने फूट सांगितले. काकींनी मनातल्या मनात हिशेब करून "म्हणजे परसभरही नाही" असे म्हटले (परस हे माणसाच्या उंचीवरून धरलेले खोलीचे जुने माप), आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊन सांगायला बजावले. आपल्या आकड्याची कोणीतरी वाट पाहत आहे, हे मुलांना तिथेच कळले.

७ मे

आज शून्य सावलीचा दिवस. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, जेव्हा गावाच्या अक्षांशाइतकी होते तेव्हा मध्यान्ही तो नेमका डोक्यावर येतो. आपल्याकडे हे वर्षातून दोनदा घडते, पण ऑगस्टमधला दिवस पावसात जातो, म्हणून कोकणातल्या मुलांना मेमधलाच दिवस सापडतो. शाळा तेव्हा बंद असते, त्यामुळे पुस्तकात शिकलेली ही गोष्ट बहुतेकांनी कधी पाहिलेली नसते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात हा दिवस किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. सावंतवाडीकडे तो आधी येतो, आमच्याकडे आणि रत्नागिरीला ७-८ मेच्या सुमारास, आणि मुंबईला १५ मेच्या आसपास.

वाचनालयाच्या अंगणात पाणसळीने सपाट केलेल्या फळीवर नळाचा सरळ तुकडा उभा केला. ढग येत-जात होते. १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास ऊन पडले तेव्हा नळाची सावली त्याच्या बुडातच शिरलेली होती. मध्यान्ह बारालाच का झाली नाही, असे दोघांनी विचारले. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण ७३ अंशांच्या थोडे पुढे आहोत. प्रत्येक अंशाला चार मिनिटे, हा गुणाकार मुलांनी अंगणातच केला.

९ मे

उपस्थिती घसरली आहे आणि घसरण मुलींची आहे. घरी जाऊन चौकशी केली तेव्हा कारण सगळीकडे एकच निघाले : आई बागेत किंवा बंदरावर असते आणि धाकटे भावंड मुलीच्या अंगावर असते. कुणबीवाडीतली आठवीची एक मुलगी म्हणाली, "बाई, मी येईन, पण ह्याला कुठे ठेवू?" आजपासून धाकट्या भावंडांनाही घेऊन यावे असे सर्वांना कळवले. वाचनालयाच्या पडवीत चटई टाकून त्यांच्यासाठी चित्रांची पुस्तके मांडली आणि वडीलधारी म्हणून दहावीची परीक्षा दिलेल्या दोन मुली बसवल्या. दहावीची परीक्षा मार्चमध्येच संपते. तेव्हापासून ही वयाने मोठी मुले अगदी रिकामी असतात आणि गावात त्यांच्याकडे काहीही सोपवलेले नसते. सुटीच्या कोणत्याही उपक्रमात सर्वांत आधी त्यांना जबाबदारी द्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

१२ मे

आज बुद्धपौर्णिमा. दिवसभरात दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक आहे.

सकाळी भरतीचा प्रयोग होता. गेल्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या एका वयोवृद्ध मच्छीमार चाचांनी मुलांना तांडेलांचा (होडीच्या प्रमुखांचा) हिशेब सांगितला होता : "तिथी विचार, तिची पाऊणपट कर, भरती तुझ्या हातात येते." चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा ही पंधरावी तिथी, म्हणून सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही तितकीच मागे सरकते. पाऊण तासाचा नियम त्याच्या अगदी जवळ जातो, आणि तोंडी करता येतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकला. धक्क्याच्या पायऱ्यांवर मुलांनी दर पाव तासाला खडूने रेघ मारली. पौर्णिमेचे उधाण असल्याने पाणी जोरात चढत होते आणि चाचा बाजूला उभे राहून कोणी खालच्या पायरीवर उतरत नाही ना हे पाहत होते. पाणी सव्वाअकराच्या आगेमागेच थांबले. ज्या मुलाला वर्गात अपूर्णांकाचा गुणाकार नकोसा होतो, त्याने पुढच्या पंधरवड्याचे भरतीचे वेळापत्रक स्वतःहून करून धक्क्यावरच्या खोलीच्या दारावर चिकटवले. मुंबईहून आलेले लोक मासे आणायला जाताना आता ते वाचतात.

संध्याकाळी बौद्धवाडीच्या विहारात खीरदानाला सगळ्या गटाला बोलावणे होते. कालच त्या वाडीच्या विहिरीचे मोजमाप झाले होते. तिथे एका आजींनी मुलांना सांगितले होते की त्यांच्या सासूच्या काळात त्या विहिरीवर दुसऱ्या वाडीचे कोणी येत नसे आणि त्यांनाही दुसऱ्या विहिरीवर जाता येत नसे. दोरी धरून उभ्या असलेल्या मुलांना हे नवीन होते. आज खीर झाल्यावर त्यांनीच विषय काढला, म्हणून विहाराच्या ओट्यावर बसून मी त्यांना महाडची हकीकत सांगितली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात मांडला आणि तो संमत झाला. महाड नगरपालिकेनेही त्याप्रमाणे ठराव केला. पण ठराव कागदावरच राहिला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतरही खटला चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागला. बोले भंडारी समाजातले होते हे ऐकून भंडारवाडीची मुले सावरून बसली. महाड आपल्याच कोकणात, लगतच्या रायगड जिल्ह्यात आहे, हे अनेकांना माहीत नव्हते. एका मुलीने विचारले की मग आमच्या गावात विहिरी केव्हा खुल्या झाल्या. हे मला ठाऊक नव्हते आणि ओट्यावरच्या मोठ्यांतही एकमत नव्हते. वाड्यावाड्यांतल्या वृद्धांना हा प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहायची, हे काम मुलांनी स्वतःच्या यादीत घातले. आमच्या नियोजनात ते कुठेच नव्हते.

१३ मे

दहावीचा निकाल लागला. कोकण विभाग यंदाही राज्यात पहिला आला, ९८.८२ टक्के. गटातली मोठी मुले सगळी उत्तीर्ण झाली. यंदा अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर ऑनलाइन होणार असल्याने त्यांना अर्जांच्या कामाला लागावे लागेल. त्यांच्या जागी आठवी उत्तीर्ण झालेल्या चौघांना तयार करायला आजपासून सुरुवात केली.

१८ मे

चाकरमान्यांनी गाव भरला आहे आणि त्यांच्याबरोबर मुंबई-ठाण्याची मुलेही आली आहेत. या मुलांचे काय करायचे यावर गटात दोन तट पडले होते. ती आठ-पंधरा दिवसांसाठी येतात, दिवसा मोबाइलवर असतात आणि संध्याकाळी क्रिकेटमध्ये बॅट त्यांची म्हणून पहिली पाळीही त्यांचीच, अशी इथल्या मुलांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. आम्ही त्यांना पाहुणे म्हणून बोलावले नाही. विहिरीच्या जोडीत तिसरे म्हणून घेतले आणि काम शिकवायची जबाबदारी इथल्या मुलांवर टाकली. ज्याला एरवी शहरातल्या भावंडापुढे बोलायला संकोच वाटतो तो मुलगा आज दोरी कशी सोडायची हे समजावून सांगत होता. डोंबिवलीच्या एका मुलीने सगळ्या विहिरींचे आकडे मोबाइलवर तक्त्यात भरून त्यांचा आलेख काढला. सातही रेघा खाली येत होत्या, पण कुणबीवाडीची सर्वांत वेगाने.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात मेमध्ये विहिरी तळाला का जातात, हे समजावायला तो आलेख उपयोगी पडला. इथला जांभा दगड सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेले पाणी त्यातून झरपते, वहाळांनी खाडीला मिळते आणि समुद्र जवळच आहे. उतारावरच्या विहिरी आधी रिकाम्या होतात. मुलांनी जांभ्याच्या तुकड्यावर तांब्याने पाणी ओतले आणि ते खालून केव्हा गळते ते पाहिले.

२१ मे

कालपासून मुसळधार पाऊस. वळवाची सर म्हणावी असा हा पाऊस नाही. खारवीवाडीत एका काकींच्या अंगणात मुले आमसुले करायला शिकत होती. रतांबे (कोकमाची फळे) फोडून बिया वेगळ्या काढल्या होत्या, मीठ घातलेल्या रसात साली बुडवून त्या उन्हात वाळवण्याचे काम अर्ध्यावर आले होते. हे बुडवणे आणि वाळवणे कित्येक दिवस चालावे लागते, आणि ऊन नसेल तर सालींना बुरशी येते. ताडपत्री घेऊन मोहल्ल्यातली मुले धावत आली, टोपल्या ओसरीवर आणल्या, पण बऱ्याच साली वाया गेल्या. काकींचे हे वर्षाचे उत्पन्न आहे. उरलेल्या रतांब्यांचे आगळ (मीठ घातलेला रस) करायचे ठरले आणि बाटल्या गोळा करायला सगळ्या वाड्यांतली मुले घरोघर फिरली. आंब्याचीही तीच परिस्थिती आहे. झाडावर राहिलेला माल कॅनिंगला देण्यासाठी घाईने उतरवला जात आहे. गटाची वेळ चार दिवस स्थगित केली आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी शेजारी मदतीला जावे असे सांगितले.

२७ मे

२४ तारखेला समुद्रातले कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होऊन रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. दुसऱ्याच दिवशी मान्सून देवगडपर्यंत पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. रविवारचे मोजमाप टाळावे लागले. आज उघडीप मिळाल्यावर ते घेतले, मात्र कठडे निसरडे असल्याने दोरी मोठ्यांनी सोडली आणि मुलांनी गाठी मोजल्या.

सर्वांत वेगाने आटलेली कुणबीवाडीची विहीर सर्वांत वेगाने भरली आहे. भंडारवाडीची विहीर तुलनेने हळू चढते आहे. पहिल्या दिवशी तळ ओळखणारी मोहल्ल्यातली मुलगी आज आकडा वाचून म्हणाली की जी विहीर पटकन आटते तीच पटकन भरते, म्हणजे तिच्याखालचा जांभा जास्त पोकळ असावा. विज्ञानाच्या शिक्षकांनी तिला तिचे अनुमान तारखेसह वहीत लिहायला सांगितले. ते बरोबर आहे की नाही हे ठरवायला पावसाळ्यानंतरची मोजमापे लागतील, हेही त्यांनी तिला सांगितले.

१ जून

आजपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. वादळी हवेमुळे बऱ्याच होड्या आधीच ओढल्या गेल्या होत्या. होड्या शाकारण्यासाठी झावळ्या विणायला खारवीवाडीने गटाला बोलावले. भंडारवाडीच्या मुलांना विणकाम येत होते, ते त्यांनी इतरांना शिकवले.

८ जून

काल बकरी ईद होती, म्हणून आजच्या मोजमापाला मोहल्ल्यातली मुले येणार नाहीत असे आम्ही धरून चाललो होतो. ती आली, आणि सोबत शिरखुर्म्याचा डबाही आला. वृद्धांच्या मुलाखतींपैकी काही लिहून झाल्या आहेत. विहिरी खुल्या होण्याबद्दल दोन वाड्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. मुले त्यांतली खरी कोणती हे विचारायला आली. दोन्ही आठवणी सांगणाऱ्याच्या वयासह शेजारी-शेजारी लिहा आणि ग्रामपंचायतीचे जुने दप्तर पाहायची परवानगी मागा, असे मी त्यांना सांगितले. अर्जाचा मसुदा त्यांनीच केला आहे आणि तो शुद्धलेखन वगळता मी बदललेला नाही.

१५ जून

उद्या शाळा सुरू होत आहे. आज वाचनालयात शेवटची बैठक झाली आणि तिला पालकांपेक्षा मुले जास्त होती. मोजमाप पावसाळ्यात महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, आणि ऑक्टोबरपासून पुन्हा दर रविवारी घ्यायचे ठरले. जोड्यांची यादी नवीन करावी, कारण जुन्या जोड्या आता एकमेकांच्या वाड्यांना सरावल्या आहेत, अशी सूचना एका मुलाने केली आणि ती मान्य झाली. गटात सहावीची नवीन मुले येतील, त्यांना दोरी सोडायला नववीतली मुले शिकवतील.

डोंबिवलीची मुलगी परत गेली आहे. आलेखाचे काम तिच्याकडेच राहील. आकडे तिला मोजमापाच्या संध्याकाळी फोनवर सांगायचे आणि ते काम कुणबीवाडीच्या आठवीतल्या मुलीने मागून घेतले, तिचा धाकटा भाऊ तेव्हा मांडीवर होता. ग्रामपंचायतीने दप्तर पाहण्यासाठी २१ जूनची वेळ दिली आहे. चौघांनी जायचे आहे, पाच वाड्यांतून चौघे कसे निवडायचे यावर वाद झाला, आणि शेवटी सरपंचांना विचारून पाचवी खुर्ची मागून घेतली.